एकट्याने खेळायच्या गेमला धोका आहे, पण तो मल्टीप्लेअरकडून नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गेम डिझाइनचा कोर्स संपत आलाय, जीव कथा असलेल्या, एकट्याने खेळायच्या गेममध्ये अडकलाय, पण नोकऱ्यांच्या जाहिराती बघाव्यात तर सगळीकडे लाइव्ह सर्व्हिस (सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालणारे, ज्यांत सतत नवा माल ओतावा लागतो असे गेम), बॅटल पास (पैसे देऊन घ्यायची बक्षिसांची मालिका) आणि सीझन. वर्गातली निम्मी पोरं बीजीएमआयवर, म्हणजे पब्जीच्या भारतीय अवतारावर. अशा वेळी सिंगल-प्लेअरच्या मागे लागणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे का? दहा वर्षांनी हा प्रकार शिल्लक तरी असेल का?

असेल. त्याबद्दल मला फारशी शंका नाही. शंका वेगळ्याच गोष्टीची आहे, तिच्याकडे येतोच. मी पुण्यात लेव्हल डिझायनर म्हणून कामाला लागलो, हल्ली प्रोड्यूसर म्हणून वेळापत्रकं आणि बजेटं सांभाळतो. दोन्ही प्रकारच्या प्रोजेक्टवर राबलोय, त्यामुळे कुठल्याच बाजूचा झेंडा खांद्यावर नाही.

‘सिंगल-प्लेअर संपला’ ही बातमी दर चार-पाच वर्षांनी नव्याने येते. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे एक बडे अधिकारी फ्रँक गिबो यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, की निव्वळ सिंगल-प्लेअर म्हणून बनणाऱ्या एकाही गेमला आपण मंजुरी दिलेली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये याच कंपनीने ‘डेड स्पेस’ बनवणारा व्हिसरल गेम्स हा स्टुडिओ बंद केला. तिथे एमी हेनिग यांच्या दिग्दर्शनाखाली ‘स्टार वॉर्स’वरचा एक साहसी गेम चालू होता. कारण काय दिलं, तर सरळ रेषेत जाणाऱ्या कथेपेक्षा खेळाडू दीर्घकाळ परत परत येत राहील असा अनुभव हवा. तेव्हा इंटरनेटवर मृत्युलेखांचा पाऊस पडला होता. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याच कंपनीने त्याच ‘स्टार वॉर्स’वर ‘जेडाय: फॉलन ऑर्डर’ आणला. त्यात ना मल्टीप्लेअर, ना स्किनचं (पात्रांना चढवायच्या विकतच्या वेशांचं) दुकान. एक कोटीहून जास्त लोकांनी तो खेळला आणि २०२३ मध्ये दुसरा भागही आला. म्हणून म्हणतो, कंपनीचे अधिकारी भविष्य सांगायला लागले की थोडं हातचं राखूनच ऐकावं. ते भविष्य बहुतेक वेळा पुढच्या तिमाहीपुरतंच असतं.

मात्र त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं समजू नका. ‘जीटीए ५’चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१३ मध्ये आला तेव्हा तो भरगच्च कथेचा गेम होता आणि कथेचे आणखी भाग येतील असं तो बनवणाऱ्या रॉकस्टारने सांगितलंही होतं. ते कधीच आले नाहीत. कारण बाजूला सुरू केलेला ‘जीटीए ऑनलाइन’ असा काही चालला, की त्याच लोकांना कथेच्या कामाला लावणं कंपनीला परवडेना. मूळ गेमच्या २० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात, आणि तरी ऑनलाइनचा पैसा वर्षानुवर्षं वेगळा येतोय. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्याही उत्पन्नाचा मोठा हिस्सा फुटबॉलच्या गेममध्ये पैसे देऊन उघडायच्या खेळाडूंच्या पत्त्यांच्या पाकिटांसारख्या चालू सेवांतून येतो. एकदा विकून मोकळं होण्याच्या धंद्यात दर चार वर्षांनी जुगार खेळावा लागतो आणि इथे दरमहा गल्ला भरतो, हे बघितल्यावर कुठल्या संचालक मंडळाचं मन चळणार नाही?

फक्त एक गोष्ट त्या संचालक मंडळाच्या एक्सेल शीटमध्ये नसते: खेळाडूची संध्याकाळ.

नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या माणसाला दिवसाकाठी तासभर, फार तर दोन तास मिळतात. लाइव्ह सर्व्हिस गेमला ते दोन तास रोज हवे असतात. रोजचं मिशन, आठवड्याचं बक्षीस, सीझन संपायच्या आत पूर्ण करायचा बॅटल पास. खानावळीसारखं आहे ते: गिऱ्हाईक एकाच ठिकाणी महिना लावतो. दुसरी खानावळ चांगली निघाली तरी तो सहजासहजी हलत नाही, कारण इथे त्याची रँक आहे, पैसे देऊन घेतलेल्या स्किन आहेत आणि मुख्य म्हणजे त्याचे मित्र आहेत. त्याला एकट्याला हलवून भागत नाही, अख्खा स्क्वॉड हलवावा लागतो. म्हणून या प्रकारात पाच-दहा गेम जग खातात आणि बाकीचे उपाशी मरतात. ‘फोर्टनाइट’ २०१७ चा आहे, ‘काउंटर-स्ट्राइक’ तर त्याहून कितीतरी जुना, आणि अजूनही पोरं तिथेच आहेत.

सिंगल-प्लेअरचं तसं नाही. तो संपतो. तीस-चाळीस तासांनी शेवट येतो आणि खेळाडू मोकळा होतो, पुढच्या गेमच्या शोधात. २०२३ हे वर्ष आठवा. फेब्रुवारीत ‘हॉगवर्ट्स लेगसी’, मे महिन्यात ‘झेल्डा’चा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’, ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट ३’, ऑक्टोबरमध्ये ‘स्पायडर-मॅन २’. माझ्या ओळखीत हे चारही खेळलेली माणसं आहेत. एकाच्या यशाने दुसऱ्याच्या पोटावर पाय आला नाही. ‘टिअर्स’ तीन दिवसांत एक कोटी विकला गेला होता, तरी तीन महिन्यांनी आलेला ‘बाल्डर्स गेट’ जोरात चालला. एकाच वर्षात चार नवे बॅटल रोयाल (शेवटी उरेल तो जिंकला, अशा धर्तीचे मल्टीप्लेअर गेम) आणा आणि बघा काय होतं.

सोनीने हे अक्षरशः पैसे मोजून शिकून घेतलं. २०२२ मध्ये बंजी हा स्टुडिओ ३६० कोटी डॉलरना घेतला आणि मार्च २०२६ पर्यंत दहाहून जास्त लाइव्ह सर्व्हिस गेम आणायचा बेत जाहीर केला. पुढच्याच वर्षी तो आकडा निम्म्यावर आला. मग २३ ऑगस्ट २०२४ ला ‘कॉन्कॉर्ड’ आला, चाळीस डॉलर किंमत लावून, जिथे प्रतिस्पर्धी फुकट मिळतात त्या बाजारात. ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद, सगळ्यांना पैसे परत. दोन आठवडे. ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओही मिटला. ज्यांनी तो खेळला त्यांतले बरेच म्हणतात की बंदूक चालवायला मजा यायची, आणि ते खरं असेलही. सिंगल-प्लेअर गेम पंचवीस हजारच लोकांनी घेतला तर तो पंचवीस हजारांसाठी पूर्ण गेम असतो. मल्टीप्लेअरमध्ये गर्दी हाच कच्चा माल. मॅच लागायला पाच मिनिटं लागली की लोक जातात, लोक गेले की दहा मिनिटं लागतात.

याच सोनीच्या ‘हेलडायव्हर्स २’ या लाइव्ह सर्व्हिस गेमने २०२४ मध्येच पहिल्या बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती विकल्या, तेही नमूद करतो. लॉटरी लागते, पण ती कुणाला लागेल ते आधी कुणी सांगू शकत नाही, आणि नेमकं तेच सांगता येतं असं गृहीत धरून स्टुडिओ उभे केले जातात.

आता जरा कामाच्या टेबलावर या, कारण बाहेरच्यांना वाटतं की मल्टीप्लेअर म्हणजे तोच गेम अधिक एक इंटरनेट कनेक्शन.

एका प्रोजेक्टवर (नाव घेत नाही) आम्ही बारवेची एक लेव्हल बांधली होती. नायिका पायऱ्या उतरत खाली जाते, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या चौकटीपाशी एक कळ आहे, ती ओढली की पाणी ओसरायला लागतं. कॅमेरा हळूहळू मागे जातो, आवाज मंदावत जातो, आणि भिंतीवरचं शिल्प एकेक थर करत उघडं पडतं. जेमतेम पाऊण मिनिटाचा प्रसंग, पण त्यासाठीच ती लेव्हल होती. निम्मं काम झाल्यावर वरून निरोप आला: दोघांनी मिळून खेळायची सोय करा.

ठीक आहे, करू. पण कळ ओढली तेव्हा दुसरा खेळाडू वरच्या मजल्यावर मडकी फोडत बसला असेल तर कॅमेरा कुणाचा मागे न्यायचा? त्यालाही ओढून खाली आणायचं? तो लढत असेल तर? प्रसंग वगळायचं बटण एकाने दाबलं आणि दुसऱ्याला बघायचंय, मग कुणाचं ऐकायचं? खेळ थांबवून चहाला जाता येत नाही, कारण थांबवला तर समोरच्याचाही थांबतो. सेव्ह कुणाच्या खात्यात? ज्याच्या मशीनवर खेळ चालू आहे तो निघून गेला तर? पहारेकऱ्याची नजर एका माणसावर बेतलेली होती. आता एक जण समोर नाचतो आणि दुसरा मागून जातो, लपून जाण्यातलं सगळं कोडंच गेलं. आणि पाणी. नेटवर्क जरा अडखळलं की एका स्क्रीनवर बारव कोरडी आणि दुसऱ्यावर तुडुंब, त्यामुळे एकाला दिसायचं की त्याचा दोस्त कोरड्या दगडावर पोहतोय. क्यूएच्या, म्हणजे गेममधल्या चुका शोधणाऱ्या, पोरांनी त्याचे व्हिडिओ जपून ठेवले होते.

शेवटी काय झालं, तर कॅमेरा काढला, शांतता काढली, आणि तिथे ‘दोघांनी एकाच वेळी एकेक कळ ओढा’ असं कोडं आलं. वाईट नव्हतं. पण तो वेगळा गेम होता आणि तो बनवायला वेगळी माणसं लागतात. को-ऑपचा, म्हणजे मिळून खेळायचा, गेम पहिल्या दिवसापासून दोघांचा म्हणूनच रचावा लागतो. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचे ‘इट टेक्स टू’ आणि ‘स्प्लिट फिक्शन’ तसे रचलेले आहेत. तिथे एकट्याने खेळायची सोयच नाही, आणि एकाने विकत घेतला की मित्राला फुकट खेळता येतो. हेही मल्टीप्लेअरच, पण याला शेवट आहे, स्किनचं दुकान नाही. तेव्हा दोन छावण्या आहेत आणि मध्ये खंदक आहे, असंही चित्र मनात ठेवू नका. ‘बाल्डर्स गेट ३’ चौघांना मिळून खेळता येतो. ‘एल्डन रिंग’मध्ये अनोळखी माणसांनी जमिनीवर लिहून ठेवलेले इशारे वाचत तुम्ही एकटेच फिरता.

डिसेंबर २०२३ मध्ये नॉटी डॉग या स्टुडिओने ‘द लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन गेम रद्द केला, तेव्हाचं त्यांचं निवेदन माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक कागदपत्र आहे. त्यांचं म्हणणं असं: हा गेम बाजारात आणला तर पुढची कित्येक वर्षं त्याला खाऊ घालण्यात आमची सगळी माणसं खर्ची पडतील, म्हणजे एक तर आम्ही निव्वळ लाइव्ह सर्व्हिसचा स्टुडिओ व्हायचं, नाही तर कथांचे गेम करत राहायचं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. सगळ्यांनाच हे धाडस जमत नाही. बॅटमॅनच्या अर्खम मालिकेसाठी नावाजलेल्या रॉकस्टेडीकडून ‘सुइसाइड स्क्वॉड’ हा लाइव्ह सर्व्हिस गेम करून घेतला गेला, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि वॉर्नर ब्रदर्सला २० कोटी डॉलरचा फटका दाखवावा लागला. गंमत म्हणजे वर्षभर आधी याच वॉर्नरचा ‘हॉगवर्ट्स लेगसी’, ज्यात मल्टीप्लेअर औषधालाही नाही, अमेरिकेतला त्या वर्षीचा सर्वाधिक खपाचा गेम ठरला होता. हे दोन्ही निकाल समोर असताना मार्च २०२४ मध्ये त्यांचे वरिष्ठ अधिकारी गुंतवणूकदारांना सांगत होते की आपल्याला लाइव्ह सर्व्हिसकडे जास्त जायचं आहे. काय बोलणार?

उलट बाजूचं उदाहरणही सांगितलं पाहिजे. ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी आला, पूर्णपणे सिंगल-प्लेअर. पहिल्या तिमाहीत १५ लाख खेळाडू, म्हणजे कंपनीच्या अपेक्षेच्या जवळपास निम्मे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी लगेच निष्कर्ष काढला की खेळाडूंना आता एकत्र वावरता येईल असं जग हवं आहे. माझं वाचन वेगळं आहे. हा गेम मधली काही वर्षं मल्टीप्लेअर म्हणून बनत होता, मग दिशा फिरवून सिंगल-प्लेअर केला गेला. अर्ध्यात नकाशा बदललेल्या इमारतीत जिना कुठेतरी चुकीच्या जागी येतोच. संवाद, निवडी, टोळीची रचना, सगळ्यावर जुन्या आराखड्याचे वळ दिसतात. पण हे मान्य की नुसता सिंगल-प्लेअर आहे म्हणून कुणी गेम विकत घेत नाही.

आता माझ्या खऱ्या शंकेकडे येतो: बजेट.

जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीने कोर्टात काही कागद दिले. गोपनीय आकडे काळ्या मार्करने झाकले होते, पण स्कॅन केल्यावर शाईखालचं वाचता येत होतं. (इतक्या मोठ्या कंपनीचे वकील, आणि मार्कर!) त्यातून कळलं की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी. त्यानंतरचे मोठे गेम याच्याही वर गेले. दोनशे-तीनशे माणसं, पाच-सहा वर्षं. एवढा पैसा घातला की मग तो गेम सगळ्यांना आवडावाच लागतो, धाडस करता येत नाही, आणि एक जरी पडला तरी शेकडो लोकांच्या नोकऱ्या जातात. एका खेळाडूसाठी इतक्या खर्चाचं जग बांधायचं आणि एकदाच पैसे घ्यायचे, हे गणित ताणून ताणून तुटायला आलंय. मल्टीप्लेअर नसता तरी ते तुटलंच असतं.

मोडतोय तो हा प्रचंड बजेटचा प्रकार. पाच-सहा मोठ्या कंपन्या, ज्यांच्याकडे स्वतःचं कन्सोल किंवा जगप्रसिद्ध नाव आहे, त्या असे गेम करत राहतील, संख्येने कमी. त्यांच्या खालची जागा मात्र मोकळी झाली आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली सगळ्यात चांगली कामं तिथूनच येताहेत. फ्रान्सच्या मॉन्पेलिए शहरातला सँडफॉल हा स्टुडिओ घ्या. मूळ टीम तीसेक जणांची. एप्रिल २०२५ मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३’ आला, किंमत पन्नास डॉलर, सत्तर नव्हे. ३३ दिवसांत ३३ लाख प्रती, आणि वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्स या वार्षिक पुरस्कारांत वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान. ‘तीस माणसांनी जग जिंकलं’ असं जे फिरतं त्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. लढाईच्या ॲनिमेशनचं बरंचसं काम कोरियातल्या लोकांनी केलं, क्यूए, भाषांतर, आवाज हे सगळं बाहेरून. बाहेरून करून घेतलेलं काम मोजायचं नाही ही आपल्या धंद्याची जुनी खोड, आणि आपण पुणेकरांनी तरी ती ओळखावी, कारण वर्षानुवर्षं ते ‘बाहेरून’ म्हणजे आपणच असतो. तरीही गोष्ट उरतेच: त्यांनी जग मोठं दाखवलं, पण बांधलं मोजून-मापून. कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये वीस डॉलरना आला तेव्हा गर्दीने ऑनलाइन दुकानं कोलमडली. ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये एका माणसाने एकट्याने केला होता, ४ कोटींच्या वर विकला गेलाय. पण ही नावं घेताना पोटात गोळाही यायला हवा. २०२४ या एका वर्षात स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर १८ हजारांहून जास्त गेम आले. त्यातल्या बहुतेकांची नावं त्यांच्या घरच्यांनाही आठवत नसतील.

एक हिशेब मांडतो, काल्पनिक आहे, पण आमच्या बैठकांमध्ये असाच मांडतात. दहा जणांची टीम, पगार, भाडं, मशीन सगळं धरून महिन्याला १० लाख. अडीच वर्षांचं काम, म्हणजे ३ कोटी. गेमची किंमत वीस डॉलर. पण सवलतीचे सेल, वेगवेगळ्या देशांतल्या कमी किमती, कर आणि परत केलेल्या प्रती वजा जाता प्रत्येक प्रतीमागे सरासरी ८०० रुपये धरा. स्टीम ३० टक्के घेतं, उरले ५६०. भांडवल नुसतं वसूल व्हायलाच जवळपास ५४ हजार प्रती विकाव्या लागतात. पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, असेल तर त्याचा वाटा वेगळा. अवघड आहे, अशक्य नाही. आता हेच ३ कोटी घेऊन मल्टीप्लेअर शूटर करायचं ठरवलं, तर सर्व्हर, चीटर पकडणारी यंत्रणा, मॅचमेकिंग, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं आणि दर सहा आठवड्यांनी नवा माल, एवढ्यावरच पैसे पहिल्या वर्षात संपतात. आणि गर्दी जमवायच्या जाहिरातींना वेगळे.

आपल्याकडे काय? पुण्यातच दोन्ही टोकं आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ केला: भावाला शोधत निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी महालांसारखी दृश्यं, पाच-सहा तासांत संपणारी कथा. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमले नाहीत, संस्थापकांपैकी एकीला फ्लॅट विकावा लागला, पुढे ‘फोर्टनाइट’वाल्या एपिकचं अनुदान मिळालं आणि २०२० मध्ये गेम आला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं. लढाई थोडी अवघडलेली आहे, कॅमेराही काही ठिकाणी हट्टी आहे, पण भारतातल्या टीमने केलेला कथेचा गेम जग विकत घेऊन खेळतं, हे ‘राजी’ने दाखवून दिलं. दुसऱ्या भागाची घोषणाही झाली आहे. याच शहरातल्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा मोबाइलवरचा बॅटल रोयाल आणला. दोघांच्या गरजा जमीन-अस्मानाच्या फरकाच्या आहेत: एकाला गिऱ्हाईक जगभरात विखुरलेलं चालतं, दुसऱ्याला ते याच देशात, एकाच वेळी, लाखोंनी ऑनलाइन लागतं.

‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्यापासून ‘आपल्याकडेही पुराणं आहेत की!’ असं सांगणारे प्रस्ताव प्रत्येक पब्लिशरच्या टेबलावर पडलेले असतात. पुराणं आहेत हो. पण ‘वुकाँग’ मुख्यतः चीनमधल्याच खेळाडूंनी उचलून धरला, आणि तिथे पूर्ण किंमत मोजणारा पीसीचा मोठा वर्ग आधीच होता. आपल्याकडे खेळाडू कोट्यवधी आहेत, पण फोनवर आणि फुकट. त्यामुळे मराठी मातीतला गेम केलात तरी त्याचं पहिलं गिऱ्हाईक पोलंड, ब्राझील किंवा अमेरिकेत असेल हे धरून चाला. घरचा बाजार वाढेल तसा वाढेल.

या शहरात मोठ्या सिंगल-प्लेअरचा एक कडू अनुभवही आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. सप्टेंबर २०२० मध्ये पहिला ट्रेलर आला, ग्राफिक्सवरून लोकांनी सालटी काढली, २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रोजेक्टच रद्द झाला. ट्रेलर बघून हसणाऱ्यांना त्यामागची मेहनत दिसत नाही. इतका लाडका जुना गेम, एवढं मोठं नाव, आणि आजवर अशा गेमचं नेतृत्व इथल्या टीमकडे कधी आलेलं नव्हतं. कौशल्य एका प्रोजेक्टमध्ये येत नाही, आणि दुसऱ्या प्रोजेक्टची संधी मिळत नाही.

ऑनलाइन गेमचा आणखी एक धोका भारतीय खेळाडूला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइल एका सरकारी आदेशाने गेला. पुढच्या वर्षी बीजीएमआय म्हणून परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. तिकडे युबिसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातातून गेला, एकट्याने चालवायच्या शर्यतीसुद्धा, कारण त्यालाही सर्व्हर लागायचा. त्यावरून युरोपात उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेने दहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. तुम्ही कुठलाही गेम बनवा, सर्व्हर बंद झाल्यावर तो सुरू होईल का, हा प्रश्न पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा. शेवटच्या महिन्यात विचारला तर उत्तर नेहमी ‘नाही’ येतं.

मग तुम्ही काय करावं? पहिली नोकरी लाइव्ह सर्व्हिसमध्ये मिळाली तर नाक मुरडू नका, घ्या. पगार वेळेवर येतो आणि खेळाडू कुठे अडकतो, कुठे सोडून जातो, हे आकड्यांतून वाचायची जी सवय तिथे लागते ती कथेच्या गेमला तंतोतंत लागू पडते. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. तुमची कथा तिसऱ्या तासाला रंगत असेल तर ती कुणीच बघणार नाही. हे शहाणपण मला मोबाइलवाल्यांनी शिकवलं, कथालेखकांनी नाही.

पोर्टफोलिओत साठ तासांच्या महाकाव्याचं डिझाइन डॉक्युमेंट ठेवू नका. ते कुणी वाचत नाही. मी तरी वाचत नाही. एक जागा बांधा: वाडा, बारव, एसटी स्टँड, काहीही. करड्या ठोकळ्यांत चालेल. दहा मिनिटांत सुरू होऊन संपेल, सेव्ह होईल, कंट्रोलरवर चालेल आणि मध्येच बंद पडणार नाही एवढं बघा. मग गेम फारसे न खेळणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला समोर बसवा आणि गप्प बसा. ‘अगं, तिकडे जा’ असं तोंडातून निघालं की समजायचं, तिथे लेव्हलमध्ये खोट आहे. प्रकाश बदला, दार हलवा, पुन्हा दुसऱ्या कुणाला बसवा. त्या जागेच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या बिल्डचे (त्या त्या वेळच्या चालत्या आवृत्तीचे) छोटे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाठवा आणि काय, का बदललं ते दोन-दोन ओळींत लिहा. मुलाखतीला बोलावताना मी आधी तेच बघतो, आणि माझ्या ओळखीचे बरेच प्रोड्यूसरही.